पावसाळाभर ट्रान्सफरच्या बातम्या वाचणाऱ्या चाहत्याला

पत्राचा सारांश: मूळचे कोल्हापूरचे आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहणारे एक वाचक लिहितात. १९९९ साली बायर्न म्युनिकविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्यांनी शाळकरी वयात पाहिला आणि तेव्हापासून ते मँचेस्टर युनायटेडचे झाले. आता त्यांना सामन्यांपेक्षा क्लबच्या खरेदी-विक्रीचाच जास्त मनस्ताप होतो. जून ते ऑगस्ट रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन हातात असतो. २०२५ मध्ये क्लबने तीन आघाडीच्या खेळाडूंवर जवळजवळ २० कोटी पौंड घातले आणि मिडफिल्डर एकही घेतला नाही. ऑगस्टअखेर चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने पेनल्टीवर लीग कपमधून बाहेर काढलं, त्या रात्री त्यांनी घर डोक्यावर घेतलं. अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, टीम जिंकली तरी तुम्ही चिडलेलेच का असता?" त्यांचे प्रश्न असे: मालक पैसा सोडत नाहीत आणि सोडला तर भलत्यावरच उधळतात, अशा क्लबला किती वर्षं धरून बसायचं? क्लब बदलणं म्हणजे बेइमानी का? ओल्ड ट्रॅफर्डला जाण्यासाठी साठवलेले पैसे या मालकांच्या तिजोरीत घालावेत का? आणि इथे बसून चाहत्याला काही करता येतं का?

तुमच्या रागाला कारण आहे, हे आधी सांगते. युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पहिला धडा मिळाला. एव्हर्टनच्या फेलायनीच्या करारात साधारण २.३५ कोटी पौंडांना सोडण्याची अट होती आणि ती जुलैअखेर संपत होती. युनायटेडने ती मुदत जाऊ दिली आणि विंडोच्या, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठरलेल्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी त्याच खेळाडूला २.७५ कोटींना घेतलं. पुढच्या वर्षी दी मारियाला ५.९७ कोटींना आणलं, तेव्हा तो ब्रिटनमधला विक्रम होता. वर्षभरातच त्याला सुमारे ४.४ कोटींना पॅरिसला विकलं. पोग्बा २०१२ मध्ये जवळजवळ फुकट गेला, २०१६ मध्ये ८.९ कोटींना परत आला आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट गेला. हे सगळं तुम्ही पाहिलं आहे, त्यामुळे 'क्लबवर विश्वास ठेवा' असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी तपासून पाहाव्यात. राग चुकीच्या जागी खर्च होतोय, म्हणून तो संपत नाही असं मला वाटतं.

पहिलं गृहीतक: मालक पैसा सोडत नाहीत. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. त्याच्या व्याजापोटी आजवर हजारो कोटी रुपये बाहेर गेले. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. मात्र खेळाडूंवर खर्च झाला नाही, हे खरं नाही. मॅग्वायर ८ कोटी पौंड, सँचो ७.३ कोटी, अँटोनी ९.५ कोटी युरो, कॅसेमिरो ६ कोटी पौंड आणि वर अटींनुसार आणखी १ कोटीपर्यंत. पैसा ओतला गेला. चूक झाली ती पगार ठरवताना, विकताना आणि कोणासाठी विकत घेतोय हे ठरवताना.

हे नीट कळण्यासाठी क्लब हिशेब कसा मांडतो ते पाहू. खेळाडूची किंमत एकदम खर्चात धरत नाहीत, ती कराराच्या वर्षांवर वाटतात. अँटोनीचं उदाहरण ढोबळमानाने घेऊ. ९.५ कोटी युरो, पाच वर्षांचा करार, म्हणजे दरसाल १.९ कोटी खर्च. २०२२ ते २०२५ या तीन वर्षांत ५.७ कोटी वहीतून गेले आणि ३.८ कोटी शिल्लक राहिले. २०२५ मध्ये रिआल बेटिसने त्याचे सुमारे २.२ कोटी ठरीव दिले, शिवाय पुढच्या विक्रीत युनायटेडला निम्मा वाटा कबूल केला. म्हणजे त्या दिवशी वहीत दीड कोटीच्या वर तोटा दिसतो. तोच खेळाडू दोन वर्षं आधी विकला असता, तर शिल्लक ७.६ कोटी असती आणि तेवढी किंमत कोणीच दिली नसती. 'नको असलेला खेळाडू क्लब विकत का नाही?' या तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. शिल्लक किमतीपेक्षा कमी पैसे घेतले की तोटा जाहीर होतो, आणि प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमाने तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटाच चालत होता. त्या मर्यादेपायी एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण कापले गेले, हे तुम्हाला आठवत असेल. २०२६-२७ पासून त्याऐवजी संघावरच्या खर्चाला महसुलाच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आणायचं लीगने ठरवलं आहे, पण किमतीची वाटणी तिथेही मोजली जाणारच.

आता याच्या उलट बाजूला मॅक्टॉमिने पाहा. लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. २०२४ मध्ये नापोलीने सुमारे २.५ कोटी पौंड दिले आणि ते जवळजवळ पूर्ण नफ्यात जमा झाले. पुढच्याच मोसमात नापोली इटलीचं विजेतं ठरलं आणि मॅक्टॉमिने तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तुम्ही लिहिलंय की या विक्रीने तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलं. लागावंच. पण तो कोणा एकाच्या मूर्खपणाचा परिणाम नव्हता. महाग घेतलेले खेळाडू विकता येत नाहीत, म्हणून घरची पोरं विकावी लागतात. म्हणजे २०२२ मधल्या चुकीची किंमत २०२४ मध्ये मोजली गेली. ट्रान्सफरवर रागवायचं असेल तर या साखळीवर रागवा.

पगाराचा भाग चाहते सगळ्यांत कमी पाहतात, कारण तो बातमीच्या मथळ्यात येत नाही. सँचो २०२४-२५ मध्ये चेल्सीकडे लोनवर, म्हणजे एका मोसमापुरता उसना, गेला, तेव्हा मोसमानंतर त्याला सुमारे २.५ कोटी पौंडांना कायमचं घ्यायची अट होती. पगारावर एकमत झालं नाही आणि चेल्सीने ५० लाख पौंड दंड भरून त्याला परत पाठवणं पसंत केलं. चांगला खेळाडू, बेताची किंमत, तरी विक्री नाही. मूळ करारात पगार इतका वर नेऊन ठेवला की दुसऱ्या कोणाला तो झेपतच नाही, आणि खेळाडूने हक्काचा पगार सोडून का जावं? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ मधल्या मुलाखतींत क्लबचे सहमालक जिम रॅटक्लिफही हेच सांगत होते की आधी घेतलेल्या खेळाडूंचे हप्ते क्लब अजून फेडतो आहे. खरेदी बहुधा हप्त्यांनी होते. त्यामुळे 'या वर्षी काहीच का घेत नाहीत?' याचं उत्तर पुष्कळदा तीन वर्षांपूर्वीच्या खरेदीत सापडतं.

आणि कोणासाठी घेतलं? फर्ग्युसननंतरचे प्रशिक्षक पाहा: मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशेर, टेन हाग, आमोरिम. प्रत्येकाची खेळाची पद्धत वेगळी, प्रत्येकाने आपल्या पसंतीचे खेळाडू मागितले आणि ते जुळायच्या आत माणूस बदलला. टेन हागला २०२४ च्या जुलैमध्ये मुदतवाढ दिली, त्याच उन्हाळ्यात त्याच्या आवडीने खेळाडू घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. मागून आलेल्या आमोरिमला तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि विंगबॅक (कडेने पुढे-मागे धावणारे) लागत होते, तर संघ चार बचावपटूंच्या हिशेबाने बांधलेला. खरेदीची घडी बसवायला आणलेले संचालक डॅन ॲशवर्थ तर पाच महिन्यांत गेले. माझ्या मते युनायटेडचं खरं दुखणं हे आहे. बाकीचं त्यातून उद्भवतं.

दुसरं गृहीतक: हवा असलेला खेळाडू आला नाही आणि आयत्या वेळी दुसरा आणला, म्हणजे चाहत्यांची फसवणूक. २०२२ मध्ये अख्खा उन्हाळा फ्रेंकी डी यॉंगमध्ये गेला. क्लबांमध्ये किमतीवर बऱ्यापैकी जमलं होतं, पण त्याला बार्सिलोना सोडायचंच नव्हतं. मोसम सुरू झाला, ब्रायटनकडून घरी हार झाली, ब्रेंटफर्डने ४-० धुतलं आणि आठवड्याभरात तिशीतल्या कॅसेमिरोचं ठरलं. किंमत आणि पगार पाहता ही घाईची खरेदी होती, यात वाद नाही. पण त्याच मोसमात त्याने लीग कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध पहिला गोल केला आणि संघ तिसरा आला. पुढच्या वर्षी तोच कॅसेमिरो थकलेला दिसू लागला. आता ही खरेदी फसली की साधली? एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

याच्या जोडीला २०२५ ची शेवटची रात्र घ्या. ॲस्टन व्हिलाचा एमिलियानो मार्टिनेझ, विश्वविजेता गोलकीपर, यायला उत्सुक होता. क्लबने त्याला सोडून अँटवर्पच्या तेवीस वर्षांच्या सेने लॅमेन्सला सुमारे १.८ कोटी पौंडांना घेतलं. त्या रात्री चाहत्यांनी किती आकांडतांडव केलं ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पत्रातही त्याचे पडसाद आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुंदरलंडविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, गोल खाल्ला नाही आणि गोलपोस्टमधली जागा त्याने धरून ठेवली. क्लबने इथे वय, पगार आणि पुढची विक्री असा तिहेरी विचार केला होता. तुम्ही गेली दहा वर्षं नेमकं हेच मागत होतात. ते घडलं तेव्हा त्यात मोठं नाव नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही.

लिव्हरपूलचं उदाहरण तुम्हाला रुचणार नाही, तरी देते. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांना व्हॅन डाइक मिळाला नाही. सेंटर-बॅकची गरज उघड दिसत होती, चाहते संतापले होते, तरी त्यांनी दुय्यम खेळाडू घेतला नाही. जानेवारीपर्यंत थांबले आणि ७.५ कोटी पौंडांना त्यालाच आणलं. २०२५ मध्ये ब्रायटनचा मिडफिल्डर बालेबा हवा होता, तो ब्रायटन द्यायला तयार नसताना युनायटेड थांबलं, ते याच प्रकारचं थांबणं होतं की निव्वळ नियोजनाचा अभाव? खरं सांगायचं तर दोन्हीचं मिश्रण होतं. योग्य किमतीला मिळत नसेल तर थांबणं मला पटतं. पण यादीत दुसरं आणि तिसरं नाव तयार नसेल, तर त्या थांबण्याला शहाणपण म्हणता येणार नाही. तुमची मिडफिल्डरची तक्रार या अर्थाने रास्त आहे.

मोठ्या रकमेचं म्हणाल, तर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये सर्वाधिक खर्च लिव्हरपूलनेच केला. एकट्या इसाकला १२.५ कोटी पौंड. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर ते लीगमध्ये सलग चार सामने हरले, आणि त्यांतला एक ॲनफिल्डवर तुमच्याकडून. तो विजयी गोल कोणी मारला? हॅरी मॅग्वायरने. ज्या ८ कोटींच्या नावाने तुम्ही पत्रात अर्धं पान लिहिलंय, त्याच माणसाने. त्याची किंमत तेव्हाही जास्त होती आणि आजही मी ती जास्तच म्हणेन. फक्त किंमत क्लबने ठरवली आणि खेळ त्याने केला, एवढा भेद ठेवा.

आता तुमच्या रात्रींबद्दल. तुम्ही लिहिता की सगळं वाचलं नाही तर आपण कसले चाहते असं वाटतं. तुम्ही जे वाचता त्यातलं बरंचसं कोणीतरी स्वतःच्या सोयीने सोडलेलं असतं. खेळाडूचा एजंट, खेळाडू आहे त्याच क्लबकडून पगारवाढ मिळवण्यासाठी दुसऱ्याचं नाव पुढे करतो. विकणारा क्लब भाव चढवण्यासाठी 'दोन मोठे क्लब मागे आहेत' असं पसरवतो. २०१५ मध्ये सर्जिओ रामोस युनायटेडला येणार म्हणून उन्हाळाभर गाजलं, आणि ऑगस्टमध्ये त्याने आपल्या रिआल माद्रिदशीच २०२० पर्यंतचा करार केला.

बातमी कोणत्या पायरीवर आहे ते ओळखायला शिका. 'रस आहे' आणि 'चौकशी केली' याला काहीही किंमत देऊ नका, मोठे क्लब एका जागेसाठी दहा-पंधरा जणांची चौकशी करतातच. 'खेळाडूशी अटी ठरल्या' हे ऐकायला मोठं वाटतं, पण विकणारा क्लब तयार नसेल तर तिथेच अडतं, बालेबाचं तसंच झालं. लेखी बोली गेली आणि ती फेटाळली गेली, इथून खरी बातमी सुरू होते, कारण आता दोन आकडे टेबलावर आलेले असतात. दोन्ही क्लबांमध्ये रक्कम, हप्ते आणि पुढच्या विक्रीतला वाटा ठरला की मेडिकल, म्हणजे खेळाडूची वैद्यकीय तपासणी. आणि कागद पुरे होईपर्यंत काहीच खरं नसतं. ३१ ऑगस्ट २०१५ ला युनायटेडचा गोलकीपर डे हेआ रिआल माद्रिदला गेलाच होता, काही मिनिटं उशिरा पोचलेल्या कागदांनी त्याला ओल्ड ट्रॅफर्डला ठेवलं.

तेव्हा येत्या विंडोत असं करून पाहा. बातम्या आठवड्यातून दोनदाच वाचायच्या, बुधवारी आणि रविवारी, अर्धा तास. लेखी बोलीच्या अलीकडची प्रत्येक बातमी सोडून द्यायची. फोनवर क्लबचं नाव आणि 'ट्रान्सफर' हे शब्द म्यूट करता येतात, ते जूनच्या पहिल्याच दिवशी करा, पंधरा जूननंतर हात वळत नाही. शेवटच्या दिवशी जागायचं असेल तर वेळ पाहून जागा. २०२५ मध्ये विंडो ब्रिटनमध्ये संध्याकाळी ७ वाजता बंद झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. जानेवारीच्या विंडोत तिथलं घड्याळ हिवाळ्याचं असतं, म्हणून तीच वेळ इथे साडेबाराची होते. मुदतीआधी प्राथमिक कागद दाखल झाला असेल तर उरलेल्या पूर्ततेला साधारण दोन तास जास्तीचे मिळतात, त्यामुळे बंद झाल्यावरही एखादी घोषणा येऊ शकते. ती सकाळी वाचली तरी बदलत नाही. झोपा.

वाचायची सवयच असेल, तर मे महिन्यात वहीचं एक पान करा. संघातली प्रत्येक जागा, तिथला खेळाडू, त्याचं वय, करार कधी संपतो आणि मागच्या मोसमात लीगमध्ये तो किती मिनिटं खेळला. ३८ सामन्यांची ३,४२० मिनिटं होतात. २,५०० च्या वर असेल तर भरवशाचा, सलग दोन मोसम १,५०० च्या खाली असेल तर त्याची जागा रिकामी धरा, त्याचं नाव कितीही मोठं असो. करार दोन वर्षांवर आला की क्लबने विकायचं की वाढवायचं हे ठरवलंच पाहिजे. एक वर्ष उरलं की भाव पडतो आणि शेवटचे सहा महिने उरले की परदेशी क्लब त्याच्याशी थेट बोलू शकतो. या पानावरून तुम्हाला मे महिन्यातच कळेल की कुठे खेळाडू लागणार आहे आणि कोण जाणार आहे.

नवा खेळाडू आला की त्यालाही तेच निकष लावा, आणि एक जास्तीचा: जुन्या क्लबकडे त्याचा करार किती उरला होता. २०२३ मध्ये मेसन माउंटचं चेल्सीकडे एकच वर्ष उरलं होतं, तरी ५.५ कोटी पौंड दिले. त्या दिवशी कोणी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर अवघड गेलं असतं. मात्र निकाल लगेच लिहू नका. रकाना मोकळा ठेवा आणि दोन मोसमांनी भरा. पहिल्या सहा महिन्यांत भाषा, घर, दुखापत, नवा प्रशिक्षक असं बरंच काही आड येतं. विदिच आणि एव्हरा दोघेही जानेवारी २००६ मध्ये आले आणि पहिल्या काही आठवड्यांत दोघेही चाचपडले. पुढे दोघेही संघाचे आधारस्तंभ झाले, ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे.

क्लब बदलण्याविषयी. ती बेइमानी नाही. २००५ मध्ये ग्लेझर आल्यावर खुद्द मँचेस्टरच्या काही चाहत्यांनी वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. त्यांच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवू शकत नाही. पण तुमच्या पत्रात दुसऱ्या एकाही क्लबबद्दल ओढ दिसत नाही, फक्त यातून सुटायचं आहे. अशा वेळी नवा क्लब धरला तर पुढच्या जूनमध्ये तुम्ही त्यांच्या ट्रान्सफरच्या बातम्या वाचत बसाल, कारण क्लब बदलला तरी सवय तीच राहील. मी म्हणेन, क्लब ठेवा आणि विंडो सोडा. एक विंडो पूर्ण सोडून पाहा. त्यानंतरही मन लागत नसेल तर फुटबॉल कमी करा, त्यात काही गैर नाही.

मुलीने जे विचारलं त्याचं उत्तर तिला द्या. 'मी खेळाडूंच्या किमतीवर चिडतो, खेळावर नाही' इतकं सरळ सांगितलं तर अकरा वर्षांच्या मुलीला कळतं. तिला सामने आवडत असतील तर महिला संघाचे सामने तिच्याबरोबर पाहा. २०२४ मध्ये त्यांनी टॉटनहॅमला ४-० हरवून एफए कप जिंकला. तिथेही खरेदी-विक्री चालते, पण तुमच्या मनात तिचा बारा वर्षांचा साठा नाही, त्यामुळे तुम्ही नुसता खेळ पाहू शकाल. आणि कोल्हापूरला जाल तेव्हा तिला शाहू स्टेडियमवर एखादा लीग सामना दाखवा. भरलेल्या गॅलरीत बसून तालमींच्या संघांची ईर्ष्या पाहणं हे तिच्यासाठी फोनवरच्या बातम्यांपेक्षा कितीतरी जास्त फुटबॉल आहे.

ओल्ड ट्रॅफर्डची सहल रद्द करू नका. २०२४-२५ मध्ये क्लबचा महसूल ६६.६५ कोटी पौंड होता. त्यात सामन्यांच्या दिवसाचं उत्पन्न साधारण १६ कोटी, म्हणजे चौथ्या भागापेक्षा थोडं कमी, आणि निम्मा वाटा प्रायोजक आणि व्यापाराचा. तुमच्या एका फेरीने मालकांचं काही बिघडत नाही, तुमचं मात्र एक जुनं स्वप्न राहून जाईल. तिकिटासाठी आधी क्लबचं अधिकृत सदस्यत्व घ्यावं लागतं. सामन्याची तारीख टीव्हीसाठी शनिवारची रविवार किंवा सोमवार होऊ शकते, म्हणून टीव्हीचं वेळापत्रक जाहीर झाल्याशिवाय परतीचं विमान काढू नका आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. पैसे मालकांना द्यायचेच नसतील तर नवी जर्सी घेऊ नका, गेल्या मोसमाची चालवा. जर्सी विकून खेळाडूचे पैसे निघतात ही समजूत चुकीची आहे. जर्सी बनवणारी कंपनी क्लबला दरसाल ठरीव रक्कम देते आणि एकेका जर्सीतून क्लबला लहानसा वाटा मिळतो.

शेअर घेऊन आवाज उठवण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. क्लब न्यूयॉर्कच्या बाजारात आहे आणि इथूनही शेअर घेता येतो. पण बाजारात मिळतो तो 'अ' वर्गाचा, एका शेअरला एक मत. मालकांकडच्या 'ब' वर्गाला दहा मतं. तुमच्या दहा-वीस शेअरनी काही हलणार नाही, त्यामुळे त्या हेतूने पैसे घालू नका. बाजारात असल्याचा खरा फायदा वेगळा आहे: क्लब दर तिमाहीला हिशेब जाहीर करतो आणि तो संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात कोणालाही फुकट वाचता येतो. तिथे तीन आकडे शोधा. पगारावरचा खर्च महसुलाच्या किती टक्के आहे, खेळाडूंच्या किमतीची वार्षिक वाटणी किती आहे, आणि हप्त्यांपोटी इतर क्लबांना देणं किती राहिलं आहे. हे तीन आकडे खाली येत असतील तर पुढच्या विंडोत हात मोकळा होतोय असं समजा. वर जात असतील तर कोणाचंही नाव गाजो, फार अपेक्षा ठेवू नका.

यातून आवाज उठवायचा रस्ताही निघतो. २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा, सुपर लीगचा, बेत दोन दिवसांत कोसळला, त्यात चाहत्यांच्या संघटित विरोधाचा मोठा हात होता. मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट ही संघटना क्लबशी बोलते, आणि चाहत्यांचं एक सल्लागार मंडळही आहे. ब्रिटनमध्ये २०२५ च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. तो कोणता खेळाडू घ्यायचा हे ठरवणार नाही, पण मालकांची पात्रता, क्लबची आर्थिक शिस्त आणि चाहत्यांशी सल्लामसलत या गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. म्हणून ट्रस्टला लिहाल तेव्हा 'मिडफिल्डर का घेतला नाही' असं लिहू नका, त्याला ठोस उत्तर मिळत नाही. ताज्या हिशेबातला एक आकडा उचला, तो गेल्या वर्षी किती होता ते लिहा आणि एकच प्रश्न विचारा: खेळाडूंच्या हप्त्यांचं देणं कमी करण्याची योजना काय आहे, किंवा प्रशिक्षक बदलला तरी खरेदीचं धोरण कायम राहील याची जबाबदारी कोणाकडे आहे. चार-पाच ओळी पुरतात. पुण्यातल्या तुमच्या ओळखीच्या चाहत्यांनी मिळून एकच पत्र पाठवलं तर अधिक बरं. उत्तर आलं नाही, तर पुढच्या तिमाहीचा हिशेब आल्यावर नव्या आकड्यासह तोच प्रश्न पुन्हा पाठवा.